पुढं सरका, पुढं जागा आहे

अण्णा पहिल्यांदा पडले तेव्हा भुवईवर चार टाके पडले. दुसऱ्यांदा पडले तेव्हा उजवं मनगट मोडलं. मधे सव्वादोन महिने. दोन्ही वेळा पहाटेचे चार-साडेचार, आणि दोन्ही वेळा पलंगापासून बाथरूमपर्यंतची तीच अकरा पावलं. अकरा हा आकडा मला पुढे कळला. तेव्हा आम्ही 'अंधारात धडपडले' एवढंच म्हणत होतो.

प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले, "आता यांना फार फिरू देऊ नका. बसवून ठेवा. खुबा मोडला तर अंथरूण धरतील." सल्ला काळजीपोटीच होता आणि आम्ही घाबरलेले होतो, त्यामुळे तो अक्षरशः पाळला. हातांची खुर्ची खिडकीपाशी ठेवली आणि पुढ्यात टीपॉय असा सरकवला की अण्णांना एकट्यानं उठताच येऊ नये. ते हलले की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "बसा हो, पडाल!" मी शाळेतून आले की माझी पाळी. घरात पोपट असता तर 'बसा' हा शब्द त्यानं पहिला उचलला असता.

प्लास्टर दीड महिन्यात निघालं, खुर्ची मात्र अडीच महिने सुटली नाही. हात जुळला. मांड्या मात्र काठीसारख्या झाल्या, पायजम्याची नाडी चार बोटं जास्त आवळावी लागायला लागली. पडू नये म्हणून ज्या माणसाला बसवलं, त्याला उठायलाच आता दोन माणसं लागत होती, आणि उभं केलं की ते मागे कलंडायचे. एवढा साधा हिशेब डोक्यात शिरायला आम्हाला अडीच महिने लागले, याची मला अजून लाज वाटते. मी पाचवी-सहावीला गणित शिकवते.

अण्णा एसटीत कंडक्टर होते, सातारा डेपोला. "पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला सुटली, आणि त्याच साली मी," हे घरी येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकावं लागायचं. एकतीस वर्षं नोकरी करून २००६ ला निवृत्त झाले, म्हणजे तिकिटाचं मशीन हातात यायच्या आधीच. डाव्या हातावर तिकिटांचा ट्रे, उजव्या हातात पंच, खांद्याला चामड्याची बॅग, खंबाटकीच्या वळणावर गाडी कलतेय, आत उभं राहायला जागा नाही, आणि हा माणूस कुठलीही दांडी न धरता एकाचं तिकीट फाडून दुसऱ्याला सुटे परत करतोय. लहानपणी त्यांच्या गाडीतून जाताना मला ती जादूच वाटायची. विचारलं तर म्हणायचे, "पाय फाकवायचे, गुडघे ढिले सोडायचे. गाडीशी भांडायचं नाही."

आजाराचं निदान झालं तीन वर्षांपूर्वी. अल्झायमर आणि मेंदूतले लहान लहान स्ट्रोक, दोन्ही मिळून. विसरण्याच्या आजाराचा पडण्याशी काय संबंध, असं आम्हाला वाटायचं. संबंध चांगलाच आहे. त्याच वयाच्या इतर माणसांच्या मानानं स्मृतिभ्रंश झालेली माणसं निदान दुपटीनं पडतात. पायरी किती खोल, दार किती लांब, हे डोळ्यांना दिसतं पण मेंदू त्याचा अंदाज बांधत नाही. पाय घसरला तर सावरायला क्षणभर उशीर होतो. आणि आपण पडू शकतो, हेच लक्षात राहत नाही.

हे सगळं मला सांगितलं ते घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. आईनं तिचं नाव पहिल्याच दिवशी 'फिजिओवाली' ठेवलं आणि पुढे तेच चाललं. पहिल्या दिवशी तिनं व्यायाम घेतलाच नाही. आई कुजबुजली, "पैसे कशाचे घेणार मग?" ती अण्णांच्या शेजारी बसली, त्यांचे मोजे काढून पाय बघितले, अंगठ्याचं नख आत वळलेलं दाखवलं. चपला उलट्या करून तळ बघितले. माझ्याकडून गोळ्यांची पिशवी मागून घेऊन एकेक पाकीट ओळीनं मांडलं. मग स्वतः अण्णांच्या पलंगावर आडवी झाली, उठली आणि बाथरूमपर्यंत चालत गेली. "अकरा पावलं," ती म्हणाली. "यात तीन ठिकाणं आहेत पडण्याजोगी."

मग ब्लडप्रेशर. आडवं असताना एकदा, उभं केल्यावर एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. आडवं असताना वरचा आकडा १३८, उभं राहिल्यावर ११२. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर डॉक्टरांना सांगायलाच हवं, असं ती म्हणाली. पहाटे लघवीला उठायचं आणि उठताक्षणी डोक्याकडचं रक्त कमी पडायचं, असा तो मामला होता. आम्ही दर महिन्याला बीपी मोजत होतो, पण खुर्चीत बसवून. उभं करून मोजायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

फॅमिली डॉक्टरांनी एका गोळीची वेळ बदलली, एकीचा डोस कमी केला. आणि तिसरी गोळी मी दिलेली होती. अण्णांना हिवाळ्यात खाज सुटायची म्हणून मेडिकलमधून अॅलर्जीची गोळी आणून मी रात्री देत होते. वरून 'छान झोप लागते' म्हणून खूशही होते. त्या जुन्या जातीच्या गोळ्यांनी वयस्कर माणसाला गुंगी येते, तोल जातो आणि स्मृतिभ्रंशात गोंधळ आणखी वाढतो. हे ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले. ती बंद केली, खाजेला खोबरेल तेल सुरू केलं. गोळ्यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी हात घालू नये, हे खरंच. पण मी आधी न विचारताच तर घातला होता.

दुसऱ्या दिवशी मोजमाप. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंदांच्या वर गेलं तर पडण्याचा धोका धरतात. अण्णांना ४१ लागले, तेही माझा हात धरून. मग तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठबस होते ते. हात छातीशी घेऊन त्या वयाच्या पुरुषाच्या अकरा तरी व्हायला हव्यात. अण्णांची एक झाली, ती सुद्धा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन. मी पाटीवर मार्क लिहावेत तसे हे आकडे वहीत लिहिले.

व्यायाम कुठला, तर साधाच. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात म्हाताऱ्या माणसांसाठी तयार झालेला घरगुती व्यायाम आहे, पायांची ताकद आणि तोल यांसाठी. त्यातले सोपे तेवढे तिनं निवडले होते. तिनं 'ओटागो' म्हटल्यावर आई म्हणाली, "म्हणजे ओट्यापाशी करायचा का?" फिजिओवाली आधी हसली आणि मग म्हणाली, "काकू, खरंच ओट्यापाशीच करू या." आमचा कडप्प्याचा ओटा अण्णांच्या कमरेच्या जरा वर येतो. खुर्ची सरकते, टेबल डगमगतं, ओटा कुठं जात नाही. पाठीमागे एक खुर्ची ठेवायची, गॅस बंद, आणि ओटा धरून टाचा उचलायच्या, धरूनच बाजूबाजूला पावलं टाकायची, पाय जुळवून दहा आकडे उभं राहायचं. आमच्या घरात व्यायाम अजूनही 'ओटागो'च आहे. "आज ओटागो झाला का?"

कागदावर हे सोपं आहे. पहिले तीन आठवडे साफ वाया गेले.

"अण्णा, टाचा उचला." ते माझ्याकडे बघत राहायचे. मी पुन्हा, जरा मोठ्यानं. मग आई, आणखी मोठ्यानं. मग दोघी एकदम, एक डावीकडून, एक उजवीकडून. अण्णांचा चेहरा लाल. "मी काय शाळेत आहे का?" एकदा मी त्यांना मागून काखेत हात घालून उठवायला गेले तर त्यांनी जोरात कोपर मारलं. माणूस मारकुटा नाही. पण मागून अचानक कुणी धरलं तर तुम्ही काय कराल? पाकीटमार समजूनच मारलं असणार.

फिजिओवालीनं मला आधी गप्प राहायला शिकवलं. एका वेळी एकच जण बोलणार. समोर यायचं, डोळ्यांना डोळे मिळवायचे. एकच गोष्ट सांगायची, दोन-तीन शब्दांत, आणि मग थांबायचं. मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. मला वाटायचं ऐकलं नाही, म्हणून मी सातव्या सेकंदाला पुन्हा बोलायचे, आणि त्यांच्या डोक्यात निम्मं जुळत आलेलं सगळं पुन्हा विस्कटायचं. हात धरायचा तर आपला तळवा त्यांच्या तळव्याखाली. म्हणजे आधार तेच घेतात, आपण ओढत नाही. वेळ सकाळी अकराची, अंघोळ-चहा झाल्यावर. संध्याकाळी पाचनंतर अण्णा बिथरतात, घर कुणाचं आहे विचारतात. त्या वेळी ओटागोचं नावही काढायचं नाही.

तरी उठणं जमेना. ते पाठ मागे रेटून उठायला बघायचे आणि परत धपकन बसायचे. उठताना नाक पायाच्या बोटांच्या पुढं जायला हवं तरच बूड सुटतं. पण हे शब्दांत सांगून अण्णांना कळण्यातलं नव्हतं.

एके दिवशी वीस मिनिटं आमचं हे चाललेलं. माझा मुलगा क्लासवरून आला, त्यानं पोर्चमध्ये सायकल लावली आणि सवयीनं घंटी वाजवली. टिंग टिंग. अण्णांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकले, पुढे वाकले आणि उभे राहिले. "चला," म्हणाले.

डबल बेल. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एसटीतून फिरलेल्या कुणालाही हे माहीत असतं. मला मात्र ते त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी उत्साहानं सायकलची घंटी काढून आणली आणि त्यांच्या कानाशी वाजवली, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच ठार वेडी. उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी उठले. चौथ्या दिवशी पुन्हा नाही. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण धागा सापडला होता.

फिजिओवालीला सांगितलं तर तिचे डोळे चमकले. तिच्या म्हणण्यानुसार, काल काय झालं ही आठवण आणि सायकल कशी चालवायची ही आठवण मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी असते. पहिली लवकर पुसली जाते, हातापायांना मुरलेली दुसरी खूप उशिरापर्यंत तग धरते. म्हणून नवं शिकवण्यापेक्षा मुरलेलं वापरायचं. तिनं विचारलं, "कंडक्टर दिवसभर नक्की काय करतात?" आणि आई, जिनं तोवर या सगळ्यात फारसा रस घेतला नव्हता, ती पदर खोचून उभी राहिली आणि तिनं करून दाखवलं. सीटच्या कडेला कंबर टेकवून कसं उभं राहतात, मागच्या सीटवरच्याला तिकीट द्यायला कसं वाकतात, पंच दांडीवर टकटक कसा वाजवतात. एकतीस वर्षांत तिनं नवऱ्याला काम करताना चार-पाचदाच बघितलं असेल, पण चांगलं बघितलं होतं.

मग आम्ही गाडी लावली. हॉलमध्ये भिंतीलगत जड खुर्च्या, एकीपासून दुसरीपर्यंत दोन पावलं. जुन्या कॅलेंडरची पानं कापून तिकिटं केली. शाळेतलं एका भोकाचं पंच आणलं, त्यानं मोडलेल्या मनगटालाही काम मिळालं. ट्रे म्हणून पोळपाट दिला, तो नाकारला. परीक्षेचा लाकडी पॅड दिला, तो चालला. पहिला प्रवासी अगदी समोर, जरा खाली बसवायचा. तिकीट द्यायला अण्णा पुढे झुकतात आणि नाक आपोआप बोटांच्या पुढं जातं. उठण्याचा प्रश्न असा सुटला. मग डावीकडे हात लांबवून एक तिकीट, उजवीकडे एक. म्हणजे वजन या पायावरून त्या पायावर. तोलाचा व्यायाम म्हणतात तो हाच. फिजिओवाली एका पायरीएवढ्या अंतरावर, जरा मागे आणि बाजूला उभी. कमरेला रुंद पट्टा बांधलेला, त्यावर तिचा हात नुसता ठेवलेला, धरलेला नाही.

आई खिडकीच्या सीटवर. अण्णा तिच्यापाशी आले. "कुठं?"

"मी बायको तुमची."

"पास दाखवा."

आई आत गेली आणि खरंच जुना कुटुंबाचा पास शोधून घेऊन आली. अण्णांनी तो उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "मुदत संपलीय." आम्ही हसून हसून बेजार. अण्णा हसले नाहीत. ड्यूटीवर होते.

एका बाबतीत मात्र फिजिओवालीनं आम्हाला अडवलं. माझं म्हणणं, अण्णा स्टॉप पुकारत पुकारत चालू देत. शेंद्रे, नागठाणे, अतीत, काशीळ, उंब्रज, कराड, हे त्यांना अजून पाठ होतं. ती म्हणाली, बघा जरा, बोलायला लागले की पाय थांबतात का. थांबत होते, दर वेळी. चालता चालता बोलायला लागल्यावर जे थांबतात, ते पुढच्या काळात जास्त पडतात, असं स्वीडनमध्ये १९९७ सालीच दाखवून झालंय. चालण्याला आणि बोलण्याला एकाच वेळी पुरेल एवढं लक्ष उरलेलं नसतं. तेव्हा आधी चालायचं, खुर्चीपाशी थांबायचं, तिला कंबर टेकवायची, आणि मग पुकारायचं. त्यानंतर मी घरात एक नियम केला, तो सगळ्या पाहुण्यांना लागू आहे. अण्णा चालत असताना त्यांना हाक मारायची नाही. फोन दाखवायचा नाही, "ओळखलं का मला?" विचारायचं नाही. आमच्या मावशीला हे अजून जड जातं.

घरातली ती तीन ठिकाणं. पहिलं, बाथरूमपुढचं गडद तपकिरी पायपुसणं. अण्णा त्यावरून लांब ढांग टाकायचे आणि आम्हाला तो विक्षिप्तपणा वाटायचा. गडद तुकडा त्यांना खड्डा दिसतो. काढून टाकलं, ढांग थांबली. दुसरं, पलंगापाशी चकचकीत फरशीवर पडणारा दिव्याचा झोत, जो ओला दिसतो. तिथं जमिनीलगत मंद दिवा लावला, पाय खाली आला की आपोआप लागणारा. तिसरा उंबरठा. फिजिओवाली म्हणाली काढून टाका. आई म्हणाली, "उंबरठा काढायचा? घराचा?" तडजोड म्हणून त्यावर दोन्ही बाजूंनी पिवळी पट्टी मारली. हळदीकुंकू तिच्यावरच पडतं आता.

बाथरूममध्ये टॉवेलच्या दांडीला लोंबकळणं बंद केलं, भिंतीत पक्का बार बसवून घेतला. पांढऱ्या फरशीवर पांढरं कमोड त्यांना दिसतच नव्हतं. निळी सीट बसवली आणि अर्धी भांडणं मिटली. बादली स्टुलावर आली, तांब्या घ्यायला वाकायला नको. लुंगी गेली, इलॅस्टिकचा पायजमा आला, घोट्याच्या वर. खरी लढाई झाली बुटांवर. रबरी चपला बंद, टाचेला धरून राहतील असे पट्ट्याचे बूट घरातही घालायचे म्हटल्यावर आई हटूनच बसली. घरात बूट, ते पण देवघरासमोरून! शेवटी बाहेर कधीच न वापरलेले नवे बूट आणले, आईनं त्यांना हळद लावून घेतलं आणि विषय संपला.

भाऊ पुण्याला असतो. त्यानं फोनवर विचारलं, "या सगळ्यानं आठवण परत येणारे का?" मी तोच प्रश्न फिजिओवालीला विचारला होता. तिनं मला खोटी आशा दाखवली नाही, आणि त्यासाठीच मी तिला मानते. ब्रिटनमध्ये जवळजवळ पाचशे जणांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ ला आले. जोरकस व्यायामानं अंगातली ताकद वाढली, विसरणं काही मंदावलं नाही. पण पडण्याचं वेगळं आहे. फिनलंडमध्ये अल्झायमर झालेल्या, घरी जोडीदारासोबत राहणाऱ्या २१० जणांना घेऊन वर्षभर प्रयोग केला होता, तो २०१३ ला प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरी आठवड्यातून दोनदा तासभर फिजिओ येत होता, त्यांचं पडणं, नुसते नेहमीचे उपचार चालू असलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी राहिलं. भावाला एवढं पटलं. पुढच्या महिन्यापासून फिजिओवालीचे पैसे तो पाठवायला लागला. आठवड्यातून दोन दिवस ती, बाकीचे दिवस आम्ही. आमचे रविवार बुडतात, ते मान्य.

चौथ्या महिन्यात वहीत लिहिलं: उठून-चालून-बसून २४ सेकंद, हाताशिवाय. उठबस पाच. एका पायावर उभं राहणं अजून नाही. बरोबर पाच, हे बघून मी वहीवर लाल पेननं टिक केली. सवय.

आणि मग पावसाळ्यात सगळं पाण्यात गेलं. दोन दिवसांत अण्णा उभं राहीनात, एका बाजूला झुकायचे, मला 'वहिनी' म्हणायला लागले. मला वाटलं आजार पुढच्या पायरीवर गेला, आता संपलं. फिजिओवालीनं फोनवरच सांगितलं, इतकं अचानक असेल तर आधी लघवी तपासा, ताप बघा, दुसरं काही दुखतंय का ते बघा. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. औषधानं आठ दिवसांत उतरला, पण पाय पुन्हा पहिल्या महिन्यात जाऊन पोचले होते. पुन्हा खुर्ची, पुन्हा समोरचा प्रवासी, पुन्हा एक उठबस. त्या वेळी मला खरंच कंटाळा आला होता. एक दिवस मी घंटी वाजवलीच नाही. आई म्हणाली, "आज गाडी ब्रेकडाउन," आणि तिनंच त्यांचा हात धरून ओट्यापर्यंत नेलं.

तिसऱ्यांदा ते पडले दिवाळीच्या आधी, दिवसा, हॉलमध्ये. पडले म्हणण्यापेक्षा बसले. भिंतीला पाठ घासत, गुडघे दुमडत खाली गेले. शेजारचे धावत आले आणि दोन्ही दंड धरून उचलायला लागले. आई केवढ्यांदा तरी ओरडली, "हात लावू नका!" तिला शिकवलं होतं ते तिनं केलं. आधी खाली बसून विचारलं कुठं दुखतंय, डोकं चाचपलं, दोन्ही पाय हलवून घेतले. दोन मिनिटं तशीच जाऊ दिली. मग एक खुर्ची डोक्याकडे, एक मागे. कुशीवर वळवलं, मग गुडघ्यांवर आणि हातांवर, रांगतात तसं. खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही हात, बळकट पाय पुढं, आणि मागची खुर्ची बुडाखाली सरकवली. सहा मिनिटं लागली. शेजारचे काका पुरा वेळ अवघडून उभे होते. कुणाचीच पाठ धरली नाही, अण्णांचा खांदा निखळला नाही.

आता अण्णांना काशीळच्या पुढचं आठवत नाही. काशीळ म्हटलं की थांबतात, मग पुन्हा शेंद्र्यापासून सुरू करतात. तिकिटं काही दिवस देतात, काही दिवस सगळीच्या सगळी खिशात घालतात. फिजिओवाली म्हणते, तिकिटं गेली तर दुसरं काही शोधू, टाळ वाजवतात का, आरतीला उभे राहतात का ते बघू. पहाटेची अकरा पावलं आई त्यांच्यासोबत चालते. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवते, पाणी देते, दोन मिनिटांनी मगच डबल बेल. ती तोंडानंच म्हणते, "टिंग टिंग."

परवा मी खिडकीच्या सीटवर होते. मी म्हटलं, "कराड, एक." त्यांनी पंच मारून तुकडा हातात दिला. मी खोटीच शंभराची नोट पुढं केली. त्यांनी बॅगेच्या जागी हात चाचपला, मग माझ्या हातातलं तिकीट परत घेतलं, पॅडवर उलटं ठेवलं आणि खिशातल्या पेन्सिलीनं मागे काहीतरी खरडलं. सुटे नसले की कंडक्टर बाकी लिहून देतात, तसं. "उतरताना घ्या," म्हणाले आणि पुढच्या खुर्चीकडे वळले, पाय फाकवून, दांडी न धरता. फिजिओवाली नुसती मागून चालत राहिली. त्या खुर्चीवर कुणी नव्हतं, उशी होती. अण्णा तिला म्हणाले, "पुढं सरका, पुढं जागा आहे."